शिट्टी कोणाच्या हातात? – क्रीडा क्षेत्रातील नेतृत्व आणि आपल्या मुली



दिवाळीची सुट्टी संपून थंडी पडायला लागली की आपल्याकडे केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धांची गडबड सुरू होते. मैदानावर फक्की पडते, खो-खोचे खांब रोवले जातात, लेझीमचा सराव सुरू होतो. आणि त्याआधी एक कागद फिरतो – समित्यांची यादी. ती यादी जरा डोळ्यांसमोर आणा. मैदान समिती, पंच समिती, निकाल समिती, तक्रार निवारण समिती – इथे बहुतेक सगळे सर. स्वागत समिती, रांगोळी समिती, बक्षिसांची ताटं, पाहुण्यांचा चहा – इथे बहुतेक सगळ्या मॅडम. हे कोणी मुद्दाम केलेलं नसतं. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून तारीख तेवढी बदललेली असते.

मी शाळेत असताना खो-खो खेळायचे. पण नोकरीला लागल्यापासून अशा स्पर्धांत मी रांगोळीच काढत आले आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वाटलं ते चौथीतल्या एका मुलीमुळे. खेळाच्या तासाला मुलींचा खो-खो लावून दिला आणि सवयीने शिट्टी वर्गातल्या एका मुलाच्या हातात दिली. ती म्हणाली, "मॅडम, खेळ आमचा हाये, मंग शिट्टी त्याच्याच हातात काहून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. शिट्टी मीच दिली होती. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना तयार झाला.

खेळणं वेगळं, खेळ चालवणं वेगळं

'मुली आता खेळात मागे नाहीत' हे वाक्य आपण भाषणात, निबंधात नेहमी ऐकतो. ते खोटं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी २०१९ मध्ये चीनमधील चेंगडू येथे झालेल्या जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीत सुवर्णपदक मिळवलं. आमच्या रोहिणखेडसारख्या गावातल्या मुलीला आता मोताळा, बुलढाणा, अमरावती असा शालेय स्पर्धांचा रस्ता माहीत असतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी ती शिडी आहे आणि त्यावर मुली चढतात.

पण ही झाली खेळण्याची शिडी. खेळ चालवण्याची एक दुसरी शिडी असते. तिच्या पायऱ्या साधारण अशा:

१. संघाची कर्णधार
२. पंच, गुणलेखक, वेळाधिकारी
३. प्रशिक्षक, संघ व्यवस्थापक
४. निवड समितीची सदस्य, क्रीडा अधिकारी
५. तालुका आणि जिल्हा संघटनेची पदाधिकारी
६. राज्य आणि राष्ट्रीय संघटनेची पदाधिकारी

कोणती मुलगी संघात घ्यायची, सराव किती वाजता ठेवायचा, मैदान कोणाला द्यायचं, पैसे कशावर खर्च करायचे, तक्रार आली तर काय करायचं – हे सगळं दुसऱ्या शिडीवरची माणसं ठरवतात. यालाच क्रीडा क्षेत्रातील नेतृत्व म्हणतात. आणि इथे मुली दिसेनाशा होतात.

जगाचं चित्रही फार वेगळं नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या जागा स्त्री-पुरुषांना अगदी समान वाटलेल्या होत्या. त्याच्या आधीच्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र सगळ्या देशांचे मिळून जे अधिकृत प्रशिक्षक होते, त्यांत स्त्रिया फक्त १३ टक्के होत्या. म्हणजे धावायला निम्म्या, शिकवायला शंभरात तेरा. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची स्थापना १८९४ ची. तिला पहिली महिला अध्यक्ष, झिंबाब्वेच्या कर्स्टी कॉव्हेंट्री, २०२५ मध्ये मिळाली. भारतीय ऑलिंपिक संघटना १९२७ ची, तिथे पी. टी. उषा डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मधली ९५ वर्षं आपल्या मुली पदकं आणतच होत्या.

आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट

हे कसं घडतं ते समजायला महिला क्रिकेटचा इतिहास फार उपयोगी आहे, आणि त्याचा बराचसा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

१९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा पुण्यात झाली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पैसा जवळजवळ नव्हताच. खेळाडू रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करत, मिळेल त्या वसतिगृहात जमिनीवर झोपत. संघटनेचे संस्थापक सचिव एक पुरुष, महेंद्रकुमार शर्मा, होते हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ही संघटना महिलांच्या खेळासाठी होती आणि पुढे खेळलेल्या स्त्रियाच ती चालवू लागल्या. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी याचं उत्तम उदाहरण. लेगस्पिनर, भारताच्या कर्णधार, १९८५ च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी आणि नंतर त्याच संघटनेच्या सचिव. खेळाडू ते सचिव, म्हणजे शिडीच्या सगळ्या पायऱ्या.

२००६ मध्ये ही संघटना भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. हे होणं गरजेचं होतं. त्यामुळे चांगली मैदानं मिळाली, विमानप्रवास मिळाला, २०१५ पासून वार्षिक करार मिळाले, २०२२ मध्ये पुरुषांइतकंच सामना मानधन जाहीर झालं, २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग सुरू झाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्या रात्री गावोगावी फटाके वाजले ते आपण ऐकले आहेत.

पण या गोष्टीची दुसरी बाजू बघा. स्वतःची संघटना गेली तशा तिच्यातल्या खुर्च्याही गेल्या. सचिव, खजिनदार, निवड समिती, राज्यांच्या शाखा – इथे काम करणाऱ्या बायकांना नव्या मोठ्या घरात त्याच मानाची जागा आपोआप मिळाली नाही. पैसा आला, मान आला, आणि निर्णय घेणारे हात बदलले.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत १९७२ साली शिक्षणात लिंगभेदाला बंदी करणारा कायदा झाला. त्याआधी तिथल्या महाविद्यालयांत मुलींच्या संघांना शिकवणाऱ्या दहापैकी नऊ प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. कायद्यानंतर मुलींच्या खेळाला पैसा मिळाला, खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या. पण स्त्री प्रशिक्षकांचं प्रमाण मात्र उतरत निम्म्याच्याही खाली गेलं. कारण साधं आहे. जे काम आधी फुकटात किंवा थोडक्या पैशात होत होतं, ते पगाराचं आणि प्रतिष्ठेचं झालं. मग त्यासाठी पुरुषांचे अर्ज आले, आणि निवड करणारेही पुरुषच होते.

घरच्या स्वयंपाकाचं उदाहरण वर्गात सांगून बघा. रोजचा स्वयंपाक आई करते. पण लग्नाच्या पंगतीचा कंत्राटी आचारी कोण असतो? मुलं लगेच हसतात आणि लगेच समजतात.

दार कोणी उघडलं?

याच गोष्टीतलं आणखी एक नाव म्हणजे मुंबईच्या डायना एडुलजी. भारताच्या माजी कर्णधार, पश्चिम रेल्वेत नोकरी. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांना लॉर्ड्स मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला, कारण तिथे स्त्रियांना परवानगीच नव्हती. त्या क्लबने स्त्रियांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते १९९८ मध्ये. याच एडुलजी २०१७ मध्ये क्रिकेट मंडळाचा कारभार पाहणाऱ्या चार जणांच्या प्रशासक समितीत बसल्या. केवढा मोठा प्रवास!

पण त्या तिथे पोचल्या कशा? मंडळाने निवडून दिल्या म्हणून नाही, तर सर्वोच्च न्यायालयाने नेमल्या म्हणून. २०१८ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या घटनेत नऊ जणांच्या सर्वोच्च परिषदेत एक जागा माजी महिला खेळाडूसाठी ठेवली गेली. त्या जागेवर आधी शांता रंगास्वामी आणि नंतर शुभांगी कुलकर्णी आल्या. पी. टी. उषा अध्यक्ष झाल्या तीही सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींनी तयार केलेल्या नव्या घटनेखालची निवडणूक होती.

म्हणजे दार आतून उघडलं नाही. बाहेरून कोणीतरी कडी काढली तेव्हा उघडलं. ही गोष्ट लक्षात ठेवूया, पुढे उपयोगी पडेल.

अडथळे नेमके कोणते?

'बायकांनाच आवड नसते' असं एक सोपं उत्तर आपल्याकडे तयार असतं. आवड नसण्याआधी काय काय घडतं ते क्रमाने पाहू.

१. पहिली पायरीच मिळत नाही. पंच व्हायला नियम पाठ असून भागत नाही. शिट्टी वाजवण्याचा सराव लागतो. चुकलं तर सांभाळून घेणारं कोणी लागतं. मुलांना हा सराव आपोआप मिळतो. गावातल्या कबड्डीच्या सामन्यात पंच कमी पडला की दहावीतल्या एखाद्या पोराला उभं करतात. संध्याकाळच्या त्या गर्दीत मुलगी नसते, म्हणून तिला कोणी हाक मारत नाही. पुढे पंच परीक्षेची सूचना निघते तीही त्याच पोरांच्या कानावर जाते.

२. डोळ्यांसमोर कोणी नसतं. वृंदा राठी या मुंबईच्या पंच. त्या आधी गोलंदाजी करायच्या, मग गुणलेखक झाल्या. २०१३ च्या महिला विश्वचषकात गुणलेखन करताना त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या आणि आपणही पंच होऊ शकतो हे त्यांच्या मनात आलं. जानेवारी २०२३ मध्ये जननी नारायणन आणि गायत्री वेणुगोपालन यांच्यासोबत त्या रणजी करंडक सामन्यांत उभ्या राहिलेल्या पहिल्या महिला पंच ठरल्या. एक बाई पंचाच्या कोटात दिसली, एवढ्याने रस्ता सापडला. न दिसलेली गोष्ट मुलीला सुचणार कशी?

३. वयाची गाठ चुकीच्या ठिकाणी पडते. खेळाडू साधारण पंचवीस-तिशीत खेळणं थांबवतो आणि प्रशिक्षणाकडे वळतो. नेमकी हीच मुलीच्या लग्नाची आणि बाळंतपणाची वर्षं. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम साधारण वर्षभराचा आहे. दोन वर्षांचं मूल घरी ठेवून वर्षभर पंजाबात राहीन असं सुनेने म्हटलं तर घरात काय होईल? मुलगा म्हणाला तर 'पोरगं शिकायला गेलं' म्हणून आपण कौतुकाने सांगतो.

४. संध्याकाळ आणि एसटी. खेळाचं काम संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी असतं. गावातल्या मुलीला शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, ही फार मोठी सोय आहे. पण पास हातात असला तरी सराव संपल्यावर गाडी असायला हवी ना? संघटनांच्या बैठकाही रात्री, कोणाच्या तरी ओट्यावर किंवा हॉटेलात चहावर होतात. निर्णय तिथे होतो. सभेत फक्त सह्या होतात.

५. मतं कोणाची? क्रीडा संघटना निवडणुकीने चालतात. मंडळं जिल्हा संघटना निवडतात, जिल्हे राज्य संघटना आणि राज्यं राष्ट्रीय संघटना. खालच्या मंडळात बाई सभासदच नसेल तर वर मतदार पुरुषच असणार. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या अध्यक्षपदासाठी राष्ट्रकुल सुवर्णविजेत्या अनिता श्योराण उभ्या होत्या. मतं पडली ४० विरुद्ध ७. पदक तिच्याकडे होतं, मतं दुसऱ्याकडे.

६. सुरक्षिततेची काळजी. २०२३ मध्ये देशाच्या नामांकित कुस्तीपटू मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी दिल्लीत जंतर मंतरवर बसावं लागलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे, त्यात तक्रार समितीची तरतूद आहे. पण तक्रार करायला गेलं की समोर कोण बसलंय हे प्रत्येक आई-बाप बघतात. गंमत अशी की खुर्चीवर बायका नाहीत म्हणून पालकांना भीती वाटते, आणि पालकांना भीती वाटते म्हणून मुली त्या वाटेला जात नाहीत. हे चाक असं फिरतच राहतं.

७. 'बाई मुलांना काय शिकवणार?' मुलींच्या संघाला पुरुष प्रशिक्षक असला तर कोणाला काही वाटत नाही. विश्वविजेत्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार आहेत आणि त्यांचं काम उत्तम आहे. प्रश्न उलट दिशेचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे, स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्याच अथेन्समध्ये खेळलेल्या सुमा शिरूर यांनाही आधी द्रोणाचार्य मिळाला आहे. आणि महिला प्रीमियर लीगमध्ये मुंबईचा संघ २०२३ आणि २०२५ मध्ये दोनदा जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक शार्लट एडवर्ड्स होत्या. शिकवणं येतं की नाही हा प्रश्न यातून मिटायला हरकत नाही.

८. यशस्वी मुलगी खेळाबाहेर जाते. हा अडथळा पटकन लक्षात येत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. कोल्हापूरची राही सरनोबत आंतरराष्ट्रीय नेमबाज. शासनाने दोघींनाही उपजिल्हाधिकारी केलं. हा सन्मान योग्यच आहे, त्यांच्या घरच्यांना केवढा आधार झाला असेल. पण बघा, खेळातलं सर्वात मोठं बक्षीस म्हणजे महसूल खात्यातली नोकरी! खेळातच राहून तेवढा पगार आणि मान मिळण्याची वाट आपण रुंद केलेली नाही.

म्हणून मला धाराशिवच्या सारिका काळे यांचं उदाहरण फार मोलाचं वाटतं. अत्यंत गरिबीतून आलेली ही खो-खोपटू. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, २०२० चा अर्जुन पुरस्कार. खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला तो तब्बल २२ वर्षांनी. आणि त्यांनी नोकरी धरली ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. म्हणजे मैदान सुटलं नाही. तालुक्याच्या कार्यालयात अशी बाई बसलेली असली की गावातली आई मुलीला घेऊन आत जायला बिचकत नाही.

मैदानावरचा सरपंच

आता एक गंमत. खो-खो आणि कबड्डीत मुख्य पंचाला आपण काय म्हणतो? सरपंच! ग्रामपंचायतीतही सरपंच आणि मैदानावरही सरपंच.

ग्रामपंचायतीत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १९९३ पासून एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला लोक हसले. 'सही बाईची, कारभार दादाचा' असं चाललं. 'सरपंचपती' हा नवा शब्दच तयार झाला. तो प्रकार अजून संपलेला नाही. पण दोन-तीन निवडणुका गेल्यावर बऱ्याच बायका ग्रामसभेत माईक हातात धरून बोलायला लागल्या. निधी म्हणजे काय, ठराव कसा मांडायचा, हे खुर्चीवर बसल्यावरच कळलं. आधी शिकून ये आणि मग बस, असं कोणी कधी पुरुषाला म्हटलं होतं का?

म्हणून 'आरक्षण नको, गुणवत्ता हवी' असं कोणी म्हणालं तर मी एवढंच विचारते, की गुणवत्ता दाखवायला उभं राहायची जागा कुठे आहे? कर्स्टी कॉव्हेंट्री एकदम अध्यक्ष झाल्या नाहीत. आधी जलतरणातली ऑलिंपिक सुवर्णपदकं, मग खेळाडू आयोगाची सदस्य, मग त्या आयोगाची अध्यक्ष, मग आपल्या देशाची क्रीडामंत्री. नंतर मतदानात ९७ पैकी ४९ मतं घेऊन पहिल्याच फेरीत निवड. खालच्या पायऱ्या होत्या, म्हणून वरची गाठता आली.

आपल्या देशातही पाऊल पडलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यानुसार राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या कार्यकारी समितीत जास्तीत जास्त १५ सदस्य असतील आणि त्यांत किमान चार महिला असायला हव्यात. चांगली गोष्ट आहे. पण दिल्लीत चार खुर्च्या ठेवल्या म्हणजे मोताळ्याच्या मैदानावर आपोआप बाई उभी राहणार नाही. उलट भीती अशी, की खालून तयार झालेल्या बायका नसल्या तर त्या चार खुर्च्यांवर पदाधिकाऱ्यांच्या घरातल्याच बायका बसवतील आणि 'सरपंचपती'सारखे 'सचिवपती' तयार होतील. कडी बाहेरून काढली, तरी उंबरा ओलांडणारी पावलं आतून तयार व्हावी लागतात. आणि ती तयार करायची जागा म्हणजे आपली शाळा.

शाळेत आपण काय करू शकतो?

आपल्या बहुतेक प्राथमिक शाळांत स्वतंत्र क्रीडाशिक्षक नाही. जो वर्गशिक्षक तोच खेळाचा शिक्षक. याला अडचण म्हणा किंवा संधी म्हणा. मी गेल्या वर्षीपासून काही साध्या गोष्टी करते. त्यांना एक रुपयाही खर्च येत नाही.

• शिट्टीची पाळी लावणे. परिपाठाची पाळी असते तशीच शिट्टीची पाळी. हजेरीच्या क्रमाने एक मुलगा, एक मुलगी. मुलांच्या सामन्यालाही मुलगी पंच. पहिल्या आठवड्यात भांडणं होतात. "पोरीले काय समजते" असं एकदा तरी ऐकू येतं. आपण मध्ये न पडता फक्त एकच नियम सांगायचा: पंचाचा निर्णय अंतिम.

• चार कामं, चौघांना. प्रत्येक सामन्यात पंच, सरपंच, वेळाधिकारी आणि गुणलेखक नेमायचे. गुणलेखन मुलींना आणि शिट्टी मुलांना, अशी वाटणी नकळत होते. ती होऊ द्यायची नाही.

• चूक सांभाळून घेणे. मुलगा पंच चुकला की तो चुकला. मुलगी चुकली की 'पोरी चुकतात'. हा फरक शिक्षकाने बोलून दाखवायला हवा.

• समित्यांची यादी नव्याने लिहिणे. केंद्राच्या बैठकीत यादी वाचली जाते तेव्हा मॅडमनी हात वर करून पंच समिती मागावी. आणि सरांनो, तुम्ही रांगोळी समिती मागा. हसू नका, रांगोळी शिकता येते. आम्ही खो-खोचे नियम शिकलो तशीच.

• मैदानावर बाहेरच्या बायका बोलावणे. बक्षीस वाटायला नव्हे, शिकवायला. महिला पोलीस, भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुली, पूर्वी जिल्ह्यापर्यंत खेळलेली एखादी आई. अशी आई प्रत्येक गावात असते, फक्त तिला कोणी विचारलेलं नसतं.

वर्गात घ्यायचा उपक्रम (इयत्ता चौथी ते सातवी)

आठवडाभर वर्तमानपत्राचं क्रीडापान जमवायला सांगा. मुलांनी वहीत चार रकाने आखावेत: खेळणाऱ्या स्त्रिया, खेळणारे पुरुष, निर्णय घेणाऱ्या स्त्रिया, निर्णय घेणारे पुरुष. प्रत्येक बातमीतली आणि फोटोतली माणसं मोजून आकडे भरायचे. आठवड्याच्या शेवटी स्तंभालेख काढायचा. गणिताचा स्तंभालेख होतो, परिसर अभ्यास होतो आणि भाषेचा तासही होतो. शेवटी एकच प्रश्न विचारा, 'तिसरा रकाना रिकामा का?' उत्तर आपण सांगायचं नाही. मुलं जी कारणं देतील ती फळ्यावर लिहायची. वर दिलेल्या आठपैकी बरीच कारणं ती स्वतःच सांगतात, हा माझा अनुभव आहे.

पालकांशी थोडं

सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. १२ जानेवारीला आपण सगळे जिजाऊंचं नाव घेतो. जिजाऊंनी शिवबांना घडवलं हे आपण मुलींना सांगतो. पण जिजाऊंनी जहागिरीचा कारभार पाहिला, न्यायनिवाडा केला, हे सांगायला विसरतो. तेही सांगूया.

मुलगी सामना खेळून घरी आली की आपण विचारतो, 'जिंकली का?' त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा, 'आज पंच कोण होतं?' आणि मोठी होऊन ती म्हणाली की मला पंच परीक्षा द्यायची आहे, प्रशिक्षक व्हायचं आहे, तर 'त्यात काय भविष्य' असं लगेच म्हणू नका. शारीरिक शिक्षणाचं शिक्षण आपल्या विभागातच, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेत मिळतं. वाट लांब आहे, पण घरापासून फार दूर नाही.

ज्या मुलीने मला तो प्रश्न विचारला होता, ती आता पाचवीत आहे. परवा मुलांच्या खो-खोला ती सरपंच होती. एका मुलाला तिने बाद दिलं. तो माझ्याकडे धावत आला, "मॅडम, मी बाद नव्हतो, तुम्ही सांगा ना तिले!"

मी म्हटलं, "मले काय सांगतो? सरपंच ती हाये. तिले विचार."

तो दोन क्षण उभा राहिला, तिच्याकडे बघितलं आणि गुपचूप रेषेबाहेर जाऊन बसला. तिने शिट्टी वाजवली आणि खेळ पुढे सुरू झाला.